साचे, म्हणे, पाहिजे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण आपण सगळ्यांनी शाळेच्या भिंतीवर वाचलेली आहे. बचतीच्या भाषणात ती येते, पाणी अडवायच्या भाषणात तर हमखास येते. तिचा अर्थ लहान पोरही सांगेल. पण यातलं ‘साचे’ कोणत्या काळाचं रूप, आणि ‘थेंबे’ ही कोणती विभक्ती, असं विचारलं की मोठी माणसंही एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. कारण आज आपण असं बोलत नाही. आज आपण म्हणू, ‘थेंबाथेंबानं तळं साचतं.’ म्हणीतल्या चार शब्दांपैकी तीन शब्द आजच्या बोलण्यात बसत नाहीत, तरी म्हण कुणालाच अडत नाही.

इंग्रजी भाषा बदलत आली, हे आपल्याला लगेच पटतं. कॉलेजात शेक्सपिअरचा उतारा वाचताना ‘यू’च्या जागी ‘दाऊ’ दिसला की मास्तर सांगत, ही जुनी इंग्रजी. मराठीबद्दल मात्र आपली समजूत अशी, की ती ज्ञानेश्वरांपासून होती तशीच आहे, फक्त मधल्या काळात तिच्यात परके शब्द घुसले. मला वाटतं, ही समजूत दोन्ही अंगांनी चुकीची आहे. मराठीचा सांगाडा पुष्कळ बदलला, पण तो इतक्या हळू बदलला की कुणाला कळलं नाही. आणि शब्द बाहेरून आले तेव्हा सांगाड्यानं त्यांना परकं राहू दिलं नाही.

आधी ‘साचे’ पाहू. यादवकाळच्या मराठीत हा साधा वर्तमानकाळ होता. ‘तो करी’ म्हणजे तो करतो, ‘तो बोले’ म्हणजे तो बोलतो. ज्ञानेश्वरीत अशी रूपं पानोपानी आहेत. ‘ती करी’ म्हटलं तरी रूप तेच, कारण त्या काळी वर्तमानकाळाच्या क्रियापदाला स्त्री-पुरुष असा भेद नव्हता. पुढे ‘करीत’ या शब्दावरून ‘करितो, करिते’ अशी रूपं तयार झाली आणि वर्तमानकाळाची जागा त्यांनी घेतली. मग ‘करी’ गेला कुठे? तो मागे सरकला. ‘एक राजा होता, तो रोज शिकारीला जाई’ या वाक्यातला ‘जाई’ म्हणजे जात असे. कालचा वर्तमानकाळ आज जुन्या सवयी सांगायच्या कामी येतो. म्हणूनच जुनी पोथी वाचताना नवशिक्या वाचकाला सगळं काही पूर्वी घडून गेल्यासारखं वाटतं, आणि लिहिणारा मात्र समोर घडतंय ते सांगत असतो.

पण ‘करी’ पूर्ण हटला नाही. ‘तुका म्हणे’ घ्या. त्याचा अर्थ तुका म्हणतो असाच आपण लावतो, तुका म्हणत असे असा नाही. सतराव्या शतकातल्या त्या दोन शब्दांनी जुना वर्तमानकाळ आपल्या कानात जिवंत ठेवला. आणि रोजच्या बोलण्यात? ‘उद्या बाजार बंद आहे म्हणे.’ इथे म्हणणारा कोण, हे कुणी विचारत नाही. लोक म्हणतात, मी ऐकलं, खरंखोटं देवाला ठाऊक, एवढं सगळं त्या एका ‘म्हणे’त येतं. आमच्या लोह्याकडे ‘म्हणं’ म्हणतात. ‘साहेबाची बदली झाली म्हणं.’

आता ‘साचे’ला ‘ल’ जोडा. साचेल. ‘बोले’चं बोलेल, ‘करी’चं करील. आपला भविष्यकाळ बहुतेक त्या जुन्या वर्तमानकाळावर ‘ल’ चढवून उभा आहे. आणि ‘ना’ जोडला तर? कळेना, जमेना, येईना. ‘नाचता येईना, अंगण वाकडे’ यातला ‘येईना’ म्हणजे येत नाही. घर पाडलं तरी त्याचे वासे, तुळया, दारं शेजारच्या घरांना लागतात, तसं हे रूप मोडलं आणि त्याचं लाकूड चार घरांत गेलं.

राहिले ‘थेंबे थेंबे’. जुनं लिखाण पाहिलं तर ते ‘थेंबें थेंबें’ असं आहे, डोक्यावर टिंब देऊन. ही तृतीया. संस्कृतात ‘देवेन’, प्राकृतात ‘देवेण’, आणि मराठीत येईतो ‘देवें’. तो ‘न’ झिजून झिजून टिंब झाला. कर्नाटकात श्रवणबेळगोळला गोमटेश्वराची जी मोठी मूर्ती आहे, तिच्या पायाशी मराठीत कोरलेलं आहे, ‘चावुंडराजें करवियलें’. आज आपण म्हणू, चावुंडराजानं करवलं. मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरीची. ओळ नेमकी केव्हाची यावर विद्वानांत वाद आहेत, आणि अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे १०१२ चा, हा त्याहून जुना मानणारेही आहेत. वाद त्यांना करू द्या. मला त्या दोन शब्दांत रस आहे. ‘राजें’तलं टिंब आणि ‘करवियलें’तलं टिंब ही दोन वेगळी टिंबं आहेत. पहिलं तृतीयेचं. दुसरं नपुंसकलिंगाचं, संस्कृतात ‘फलम्’, ‘गृहम्’ यांच्या शेवटी जो ‘म्’ असतो, त्याचा तो उरलेला हुंकार. आज तृतीयेला आपण ‘ने’ लावतो, बोलताना ‘नं’. पण ‘शेत वडिलांच्या नावे आहे’ म्हणतो, तेव्हा त्या ‘नावे’त जुनंच रूप असतं. तहसील कचेरीच्या दारात उभा राहिलेला अंगठाबहाद्दर माणूस यादवकाळची विभक्ती चालवतो, आणि ती चूक आहे असं कुणी म्हणत नाही, कारण ती कागदावर आहे.

हे बदल होताना लोकांना जाणवत होते का? बोलताना जाणवले नसतील, पण पोथी नकलून घेताना नक्कीच जाणवले. ज्ञानेश्वरी नेवाशाला झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. पैठणच्या एकनाथांनी ती शुद्ध करायला घेतली, ते काम शके १५०६ ला, १५८४ साली, पुरं झालं. मधे तीनशे वर्षांत नकलणाऱ्यांना जी रूपं कळेनात, ती त्यांनी आपल्या ओळखीच्या रूपांनी बदलली होती. नाथांनी पोथ्या जमवून ताडून पाहिल्या. मराठवाड्यातल्या माणसानं केलेलं हे मोठं काम, पण त्याची आठवण आपण भक्तीपुरतीच ठेवली. भाषा बदलते आणि तिचा जुना चेहरा जपायला कष्ट पडतात, हे नाथांना कळलं होतं. आणि गंमत पाहा, तेच नाथ स्वतः लिहिताना जुनी मराठी उगाच ओढून आणत नाहीत. त्यांनी फारसी कचेरीच्या थाटात ‘अर्जदस्त’ लिहिली, हिंदू आणि तुर्क यांचा संवाद लिहिला. बाजारात जे कानी पडत होतं ते लिहिलं.

त्याच्याही आधी महानुभाव पंथातली एक गोष्ट आहे. चक्रधरांमागे पंथाचे आचार्य झालेले नागदेव. त्यांना पंडित मंडळी संस्कृतात प्रश्न विचारू लागली. नागदेवांनी त्यांना बजावलं, की तुमचं ते संस्कृत मला समजत नाही, स्वामींनी मला मराठीत सांगितलं, मराठीत विचारा. म्हाइंभटाचं लीळाचरित्र याच आग्रहातून आलं. बोललेलं जसंच्या तसं, गावोगाव फिरून, विचारून लिहिलेलं. जुन्या बोलीचा एवढा भरवशाचा साठा दुसरा नाही.

आता माझा आवडता शब्द. ‘पाहिजे’. दिवसातून पन्नास वेळा आपण तो वापरतो. मला पाणी पाहिजे, तू यायला पाहिजे. हे क्रियापद आहे हे सगळ्यांना ठाऊक, पण त्याचा काळ कोणता, कर्ता कोण, सांगता येत नाही. जुन्या मराठीत ‘कीजे’, ‘बोलिजे’, ‘देखिजे’ अशी रूपं होती. कीजे म्हणजे केलं जातं, बोलिजे म्हणजे बोललं जातं. ती सारी बोलण्यातून गेली. दोनच राहिली. ‘म्हणिजे’चं ‘म्हणजे’ झालं, अर्थ ‘असं म्हटलं जातं’. आणि ‘पाहिजे’, म्हणजे ‘पाहिलं जातं’, ‘वाट पाहिली जाते’, म्हणून हवं. ‘मला पाणी पाहिजे’ या वाक्यात पाण्याची वाट पाहिली जात आहे, हे सातशे वर्षांचं व्याकरण अजून बसून आहे. इंग्रजीतही जुन्या काळचा ‘मिथिंक्स’ असाच एकटा उरलेला शब्द होता, मला असं वाटतं या अर्थाचा. तो नाटकांत राहिला. आपला ‘पाहिजे’ स्वयंपाकघरात राहिला.

मात्र तोही स्वस्थ नाही. एक वस्तू पाहिजे, चार वस्तू ‘पाहिजेत’. हे अनेकवचन प्रमाण मराठीत मान्य झालं. आणि आमच्याकडची पोरं दुकानात जाऊन म्हणतात, ‘साखर पायजेल.’ ‘करील’, ‘येईल’ यांच्या रांगेत त्यांनी ‘पाहिजे’लाही नेऊन बसवलं. त्यावर शिक्षक चिडतात. चिडावं, माझी हरकत नाही. पण पोरांनी अडाणीपणा केला असं म्हणू नये. ‘साचे’चं ‘साचेल’ करणाऱ्यांनी जे केलं तेच ही पोरं करताहेत. फरक एवढाच, की तेव्हा तपासायला लाल शाई नव्हती.

फारसीकडे येतो. इतिहासाचार्य राजवाड्यांनी तीन काळांतली तीन पत्रं घेऊन त्यांतले शब्द मोजले होते. १६२८ च्या पत्रात २०२ शब्द फारसी आणि ३४ मराठी. १६७७ च्या पत्रात ५१ फारसी, ८४ मराठी. १७२८ च्या पत्रात फारसी फक्त ८, मराठी ११९. मधे शिवाजी महाराज येतात, त्यांच्या आज्ञेनं रघुनाथपंत हणमंत्यांनी केलेला राज्यव्यवहारकोश येतो. हा आकडा भाषणांत फार वापरला जातो. खोटा नाही. पण ती तीन पत्रं आहेत, तीही कचेरीची. शेतात कुणी मायन्यानं बोलत नव्हतं. आणि १७२८ साली ज्याचा कारभार चालू होता तो ‘पेशवा’, हा शब्दच फारसी. त्याच्या हाताखालचे फडणीस, चिटणीस, मुजुमदार, दिवाण, यांची घराणी आडनावासकट आज आपल्यात नांदताहेत.

मला या शब्दांचा आकडा महत्त्वाचा वाटत नाही, त्यांना मराठीनं कसं वागवलं ते वाटतं. जमीन हा फारसी शब्द. मराठीत तो ‘जमिनीचा’ होतो, मधला दीर्घ ऱ्हस्व करून, अगदी ‘वीट, विटेचा’ होतं तसा. ‘वकील’ अरबी, पण ‘वकिलाला’. हा नियम ना अरबीत आहे, ना फारसीत, ना उर्दूत. फारसीत शब्दाला लिंग नसतं. उर्दूत दोन लिंगं, म्हणून तिथे ‘दुकान’ स्त्रीलिंगी. मराठीत आल्यावर ‘ते दुकान’, नपुंसकलिंगी. उर्दूतला ‘जख्म’ पुरुष, आपली ‘जखम’ बाई. ‘हैरान’ माणूस इकडे येऊन ‘हैराण’ झाला. त्याला आपला ‘ण’ मिळाला. आणि एकदा घरचे झाल्यावर या शब्दांनी घरची कामंही केली. ‘गैर’ अरबी, ‘समज’ आपला, दोघांचा ‘गैरसमज’. ‘भांड’णाला फारसी ‘खोर’ लागला तो ‘भांडखोर’. पोलिसांच्या पंचनाम्यात ‘इसम नामे अमुक’ असं लिहितात. अरबीत इसम म्हणजेच नाव. म्हणजे तो बिचारा ‘नाव, नावाने अमुक’ असतो. त्यातल्या ‘नामे’त पुन्हा आपली ती जुनी तृतीया. ‘तो म्हणाला की’ यातल्या ‘की’बद्दल तर अजून मतभेद आहेत; काही जण फारसी ‘कि’कडे बोट दाखवतात, काही संस्कृत ‘किम्’कडे. जुन्या मराठीत तिथे बहुधा ‘जे’ असे. फारसी मत खरं मानलं, तर आपल्या वाक्याच्या सांध्यालाच बाहेरचं तेल लागलेलं आहे, आणि सांधा मजेत चालतो आहे.

इंग्रजीचंही असंच झालं. १०६६ मध्ये नॉर्मन आले, फ्रेंच ही दरबाराची भाषा झाली. मेंढ्या राखणाऱ्याच्या तोंडी ‘शीप’ राहिली आणि ताटात आलं ते ‘मटन’. तेच फ्रेंच मटण समुद्र ओलांडून आपल्या आठवडी बाजारात लटकलं. पण इंग्रजीनं तीन लिंगं टाकली, विभक्त्या जवळजवळ टाकल्या. मराठीनं शब्द घेतले आणि तीन लिंगं मात्र सोडली नाहीत. हिंदीला दोनच उरली, बंगालीला एकही नाही. परभाषिकांना मराठी शिकताना घाम फुटतो तो इथे.

हा विषय मी हौसेनं निवडला असं नाही. आमच्या घरात दखनी बोलली जाई, गल्लीत आणि शाळेत मराठी. कविता मराठीत सुचली, म्हणून मराठीत लिहिली. कवितावाचन संपल्यावर एखादे गृहस्थ हमखास जवळ येतात आणि कौतुकानं म्हणतात, ‘वा, तुमचं मराठी एकदम साफ आहे!’ हेतू चांगला असतो. मी हसून आभार मानतो. ‘एकदम’ फारसी आहे आणि ‘साफ’ अरबी, हे त्यांना सांगत नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला त्याला साडेतीनशेहून जास्त वर्षं झाली. त्यांच्या मराठीचं कौतुक कुणी असं केलं असेल असं वाटत नाही, लोक अर्थाशी भिडले असतील. आणि दखनीचं म्हणाल, तर तिच्यात ‘नक्को’ आहे तो मराठी ‘नको’ आहे. ‘मैंच’, ‘येच’ यातला ‘च’ मराठी आहे. उत्तरेकडचा उर्दूवाला आमच्या ‘च’ला हसतो. म्हणजे मराठीवाल्याला आमची फारसी दिसते आणि उर्दूवाल्याला आमची मराठी. मौलवी अब्दुल हक यांनी त्या वेळच्या औरंगाबादेत राहून मराठीवरच्या फारसीच्या परिणामावर उर्दूत पुस्तक लिहिलं. दुसऱ्या दिशेनं, म्हणजे मराठीनं दखनीला काय दिलं यावर, आपल्याकडे घरोघरी बोललं जावं अशी माझी इच्छा आहे.

माधव ज्यूलियनांची गोष्ट इथे सांगायला हवी. त्यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश केला, मराठीत गझल रुजवली, आणि १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून परक्या शब्दांविरुद्ध उभे राहिले. दोन्ही कामं मनापासून. ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ यांसारखे शब्द शुद्धीच्या त्या चळवळीनं, मुख्यतः सावरकरांनी, दिले आणि ते चांगले रुजले. पण ‘तारीख’ काही गेली नाही. कोर्टात ती पडतेच.

व्याकरण छापून आलं तेव्हा चित्र पालटलं. सेरामपूरला केरीनं १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण काढलं, मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, आणि दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ चं. हे सारं आमच्या मुलखाबाहेर. आमचा मुलूख निजामाचा. इथे कचेरी आधी फारसीत, मग उर्दूत. १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हेच. त्यामुळे पुण्या-मुंबईकडे ठरलेली प्रमाण मराठी आमच्या खेड्यांत उशिरा आणि पुस्तकातून आली, आणि इथली बोली तिच्या तुलनेत एकदम ‘अशुद्ध’ ठरली. पुढे साहित्य महामंडळाच्या नियमांनी, १९६२ मध्ये आणि मग १९७२ मध्ये, न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. ‘केलें’चं ‘केले’ झालं. मी शाळेत गेलो तोवर टिंबं गेलेली होती. जुन्या पुस्तकात ती दिसली की पानावर मुंग्या फिरल्यासारखं वाटे. नियम सोयीचा होता, मी त्याच्या बाजूनं आहे. पण बोलतो तसं लिहायचं झालं, की तेच टिंब पुन्हा येऊन बसतं. ‘केलं’. आता ते नाकात बोलायचं नाही, फक्त स्वर लांबवायचा. जुन्या नोकराला नवं काम.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद झाला. त्यानंतर आमच्या भागातल्या एका शाळेत पाचवीच्या मुलाची वही पाहिली. निबंधात त्यानं लिहिलं होतं, ‘मी अभ्यास करायलो तवा लाईट गेली.’ ‘करायलो’भोवती लाल गोल आणि समोर ‘अशुद्ध’. प्रमाण मराठी मुलाला आलीच पाहिजे, परीक्षा तिच्यातच असते, मी स्वतः तीच लिहितो. पण ‘करायलो’ म्हणजे काय हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. मूळ ‘करायला लागलो’. ते घासून ‘करायलालो’ झालं, लातूर-नांदेडकडे हे अजून ऐकू येतं. आणखी घासून ‘करायलो’. आणि घासताना अर्थही सरकला. ‘लागलो’ म्हणजे सुरुवात केली, पण ‘करायलो’ म्हणजे या घटकेला करतो आहे. प्रमाण मराठीत ‘मी जेवतो’ म्हटलं तर आत्ता जेवतोय की रोज जेवतो, हे संदर्भावरून ठरवावं लागतं, नाहीतर ‘जेवत आहे’ असं लांबण लावावं लागतं. आमच्याकडे ‘जेवायलो’ एवढ्यात भागतं. ‘करीत’वरून ‘करितो’ निघाला, तेव्हा कुठल्यातरी जुन्या पंतोजींना तोही असाच कानाला खटकला असेल.

लोह्याच्या बसस्थानकावर कधी थांबलात तर ऐका. कंधारकडून येणाऱ्या गाडीची चौकशी करताना म्हातारी विचारते, ‘यायली का गं?’ आणि कॉलेजातली पोरगी मोबाईलमधून डोकं वर न काढता सांगते, ‘यायली म्हणं.’